बोमेरानो ते पोझितानो: देवांची वाट, पायऱ्यांच्या हिशेबासकट

इटलीत, नेपल्सच्या दक्षिणेला डोंगरांचं एक लांबट टोक समुद्रात शिरलंय. त्याच्या दक्षिण अंगाला आमाल्फीचा किनारा आहे. या किनाऱ्याच्या डोक्यावरून, समुद्रापासून पाचएकशे मीटर उंचीवर, बोमेरानो ते नोचेल्ले अशी एक जुनी पाऊलवाट जाते. तिला ‘सेन्तिएरो देल्यी देई’ म्हणतात, म्हणजे देवांची वाट. चालायचं अंतर सहा-सात किलोमीटर. रमतगमत, फोटो काढत गेलं तरी तीन-साडेतीन तासांत संपते.

मी आणि ताई ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. ताई एकसष्ट वर्षांची, सिंहगडला अजून महिन्यातून एकदा तरी जाणारी, पण डावा गुडघा जरा कुरकुरणारा. निघण्याआधी मी वाटेबद्दल मिळेल ते सगळं वाचलं होतं. फोटोंत दरी बघून पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात वाटेनं काहीच त्रास दिला नाही. दिला तो सकाळच्या बसने आणि दुपारच्या पायऱ्यांनी. म्हणून या लेखात दोन्ही टोकांवर जरा जास्त लिहिलंय. मधला भाग तुमचे पाय आपोआप निभावतील.

कुठून कुठे जायचं

बोमेरानोहून नोचेल्लेकडे. उलट नाही. बोमेरानो सहाशे मीटरच्या वर आहे आणि नोचेल्ले साधारण साडेचारशेवर, त्यामुळे एकूण वाट उतरतीच राहते. मधे लहानसहान चढ आहेत, पण दम लागावा असे नाहीत.

दुसरं कारण उन्हाचं. वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. सकाळी निघालात तर सूर्य पाठीशी राहतो आणि समोर काप्री बेटापर्यंतचा सगळा देखावा उजळलेला असतो. दुपारी नोचेल्लेकडून निघाल्यावरही ऊन पाठीवरच येतं, पण काप्री पाठीमागे राहतं आणि चढ वाट्याला येतो. आम्हाला उलट्या दिशेने येणारी एक तरुण मंडळी भेटली. चेहरे लालबुंद झालेले, दर वीस पावलांवर मागे वळून बघत होती. देखावा मागे आणि चढ पुढे, असा उफराटा प्रकार.

तिसरी सुरुवात प्रायानो गावातून होते. तिथून सान दोमेनिकोच्या मठावरून पायऱ्यांची वाट चढत येऊन मुख्य वाटेला मिळते. मठाजवळून दिसणारा समुद्र फार देखणा आहे म्हणतात. पण सकाळीच शेकडो पायऱ्या चढायची हौस असेल तरच त्या भानगडीत पडा.

कधी जायचं

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. डोंगराची ही बाजू दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणजे ऊन दिवसभर अंगावर. सावली शेवटच्या टप्प्यात, ओकच्या झाडीत मिळते, तीही तुटक. जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रकार तापलेल्या तव्यावरून चालण्याचा आहे. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोचा सण असतो, अख्खा इटली सुटीवर किनाऱ्याला येतो, आणि तेव्हा बसमध्ये शिरणं हाच एक ट्रेक होतो.

हिवाळ्यातही वाट चालता येते, हवा स्वच्छ असते, गर्दी नसते. पण बोटी बंद असतात आणि दिवस लहान. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर पाचच्या सुमारास अंधारायला लागतं, हे लक्षात ठेवा. वाटेवर दिवे नाहीत.

मुसळधार पाऊस झाला असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जाऊ नका. हे चुनखडीचे डोंगर आहेत, भिजले की वरून दगड सुटतात, आणि अशा वेळी वाट बंदही ठेवतात. सह्याद्रीत पावसात चढायची सवय असलेल्यांनी हे विशेष ऐकावं. आपल्या काळ्या पाषाणावर शेवाळ नसेल तर ओला बूट बऱ्यापैकी धरतो. ही चुनखडी पावलांनी घासून गुळगुळीत झालेली असते, आणि ओली झाली की साबण.

बोमेरानोला पोचणं

मुक्काम आमाल्फीत असेल तर सगळ्यात सोपं. आमाल्फीच्या समुद्रकाठच्या चौकातून, प्याझ्झा फ्लाव्यो जोयामधून, आजेरोलाची बस सुटते. (चौकात ज्याचा पुतळा आहे त्या फ्लाव्यो जोयाला होकायंत्र शोधल्याचं श्रेय देतात. असा माणूस बहुधा झालाच नव्हता, असं इतिहासकार म्हणतात. गावाला त्याचं काही नाही.) बोमेरानो ही आजेरोलाची एक वाडी समजा. आजेरोला हे एक सलग गाव नसून पठारावर पसरलेल्या वस्त्यांचं मिळून झालेलं आहे.

आता क्रम नीट लक्षात घ्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिकीट काढून ठेवा. बसचं तिकीट ‘ताबाक्की’मध्ये मिळतं, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या दुकानात. गडद पाटीवर पांढरा ‘टी’ दिसला की तेच. सकाळी सातला ते उघडं असेलच असं नाही, रविवारी तर नाहीच धरायचं. परतीचंही तेव्हाच घ्या. तिकीट हातात असलं म्हणजे झालं असं नाही, बसमध्ये चढल्यावर मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट हे तपासनीसाच्या लेखी तिकीट नसतंच.

बसचं वेळापत्रक त्याच दुकानात किंवा थांब्यावर बघा, आणि ‘फेरियाले’ आणि ‘फेस्तीवो’ हे दोन शब्द शोधा. पहिला म्हणजे कामाचा दिवस (शनिवार त्यात धरतात), दुसरा म्हणजे रविवार आणि सण. दोन्हींच्या वेळा वेगळ्या असतात. इंटरनेटवर कुणीतरी दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या वेळा धरून बसू नका.

आठच्या आतली बस धरा. दहापर्यंत वर सहलींचे मोठे गट येऊन पोचतात आणि अरुंद वाटेवर मुंगीच्या रांगेसारखं चालावं लागतं.

थांब्यावर रांग हा प्रकार नसतो, घोळका असतो. मराठी माणसाला हे शिकवायची गरज नाही, पण परदेशात आलोय म्हणून उगाच सौजन्य दाखवत मागे उभं राहाल तर बस तुमच्याशिवाय जाईल. बसायला मिळालं तर वर जाताना उजवी-डावी बघत बसू नका, इतकी वळणं आहेत की समुद्र दोन्हीकडून दिसतो. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी पुढे बसावं आणि रिकाम्या पोटी जाऊ नये. ताईने आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या. समोरच्या सीटवरच्या हिरव्या पडलेल्या जर्मन मुलीलाही त्यातली एक मिळाली आणि तिचा प्रवास सुधारला.

साधारण पाऊण तासात बोमेरानो येतं. इथे मी चूक केली. बस सान लाझ्झारोपर्यंत जाते, बोमेरानो त्याच्या अलीकडे. मला वाटलं मोठा थांबा असेल, पाटी असेल, सगळे उतरतील. त्या बसमध्ये शाळेची मुलं आणि बाजाराला निघालेल्या बायका होत्या, कुणीच उतरलं नाही. आम्ही थेट शेवटच्या थांब्यावर.

“तू विचारलं का नाहीस?” ताई म्हणाली.

“मला वाटलं…”

“वाटण्यावर बस थांबत नाही.”

मग दोनेक किलोमीटर उलट चालत आलो. तेव्हा चढतानाच चालकाला सांगून ठेवा: “मी फा शेन्देरे आ बोमेरानो, पेर फावोरे?” म्हणजे ‘मला बोमेरानोला उतरवाल का?’ एवढं एक वाक्य पाठ करा. चालक मान हलवतो, आणि वेळ आली की आरशातून बघून ओरडतो.

नेपल्सहून थेट येणाऱ्यांसाठी कास्तेल्लामारे आणि ग्रान्यानोच्या बाजूने, डोंगरातल्या बोगद्यातून आजेरोलाला येणारा रस्ता आहे, त्यावरही बस चालते. पण मग रात्री नेपल्सला परत जायचं असतं, आणि दिवस फार ताणला जातो. आदली रात्र आमाल्फीत किंवा वर आजेरोलातच काढलेली बरी. आजेरोलात खोल्या किनाऱ्यापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि सकाळच्या बसची कटकटच उरत नाही. भाड्याची मोटार घेऊ नका. ती वर ठेवली तर तुम्ही खाली, ती वर.

बोमेरानोत अर्धा तास

चौकाचं नाव प्याझ्झा पाओलो कापास्सो. इथेच बार (आपल्या अर्थाने नव्हे, कॉफीची टपरी म्हणा), किराणा, बेकरी, आणि वाटेची पाटी. इथे घाई करू नका, कारण यापुढे नोचेल्लेपर्यंत काही मिळत नाही.

पहिलं काम, बारमध्ये जाऊन कॉफी घ्या आणि तिथलं स्वच्छतागृह वापरा. वाटेवर सोय नाही. उभ्याने कॉफी प्यायली तर स्वस्त पडते, टेबलावर बसलात की दर बदलतो.

दुसरं, पाणी. माणशी दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. रिकाम्या बाटल्या घेऊन या आणि इथेच भरा. इटलीत गावच्या नळावर ‘नॉन पोताबीले’ असं लिहिलेलं नसेल तर पाणी पिण्याचंच असतं.

तिसरं, जेवण. यावर मात्र जरा थांबावं लागेल, कारण आजेरोला हे खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ज्या डोंगररांगेत हे गाव आहे तिचं नाव लात्तारी, आणि ते दुधावरूनच आलंय. इथलं ‘फ्योर दी लात्ते’ म्हणजे गाईच्या दुधाचं ताजं, पांढरंशुभ्र, ओलसर चीज. कापलं की दूध सुटतं. दुसरं ‘प्रोव्होलोने देल मोनाको’, म्हणजे साधूबाबाचं प्रोव्होलोने. जुन्या काळी इथले गवळी ही चीजं घेऊन होडीने पहाटे नेपल्सला उतरायचे, थंडीसाठी पांघरलेल्या जाड घोंगडीमुळे बैराग्यासारखे दिसायचे, म्हणून हे नाव, अशी गोष्ट सांगतात.

काटेकोर शाकाहारी असाल तर इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रोव्होलोने देल मोनाकोसाठी दूध फाडायला करडाच्या पोटातलं विरजण वापरतात. फ्योर दी लात्तेलाही बहुतेक ठिकाणी वासराचं. ताईला हे मी आधी सांगितलं, नंतर सांगितलं असतं तर परतीचा प्रवास वेगळा झाला असता. तिने चीज सोडलं आणि भाजलेली वांगी, झुकिनी आणि टोमॅटो घालून पाव करून घेतला. दुकानात समोर भाज्यांच्या ट्रे असतात, बोट दाखवायचं, वर “सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे” म्हणायचं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. कांदा-लसूण चालत नसेल तर “सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो”. आणि मिरपुडीचे खुसखुशीत ‘ताराल्ली’ दिसले, अगदी आपल्या खारीच्या भावंडासारखे, तर हात आवरा. नेपल्सकडच्या त्या जातीत डुकराची चरबी असते. तिचं नाव ‘स्त्रुत्तो’ किंवा ‘सुन्या’.

इथला ‘बिस्कोत्तो’ मात्र बिनधास्त घ्या. तो गोड बिस्किटाचा प्रकार नाही. पाव दोनदा भाजून दगडासारखा कडक केलेला असतो, आपल्या टोस्टचा थोरला काका. पाण्यात क्षणभर बुडवायचा, वर टोमॅटो चिरडायचा, तेल, मीठ. महिनाभर टिकतो, पिशवीत चुरा होत नाही. डोंगरात कामाला जाणाऱ्यांची ही शिदोरी. नुसता दाताने फोडायला जाऊ नका.

वाट

चौकातून ‘सेन्तिएरो देल्यी देई’ची पाटी धरून निघा. पुढे लाल-पांढरे पट्टे दगडांवर, झाडांवर, भिंतींवर रंगवलेले दिसत राहतात. ते इटालियन आल्पाइन क्लबचे. या वाटेचा क्रमांक ३२७. सुरुवातीला थोडा डांबरी रस्ता, घरांच्या मागून, द्राक्षांच्या मांडवांखालून, आणि मग एकाएकी डावीकडची जमीन संपते.

पहिला टप्पा ग्रोत्ता देल बिस्कोत्तोपर्यंत. ही मोठी, उघड्या तोंडाची कपार आहे. खडकाचे थर भुगा झालेल्या बिस्कोत्तोसारखे दिसतात, त्यावरून नाव पडलं म्हणतात (बघा, पाव आणि डोंगर एकाच नावाचे). डोंगराच्या पोटात बांधलेल्या जुन्या दगडी खोल्या वर दिसतात, घुबडाच्या घरट्यासारख्या. इथपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी निर्णय इथेच घ्यावा. इथे बरं वाटलं तर पुढेही वाटेल. वाट बहुतेक ठिकाणी मीटर-दीड मीटर रुंद आहे. काही ठिकाणी लाकडी कठडा आहे, काही ठिकाणी नाही. हाताने धरून चढावं असं एखाददुसरं खडकाळ पाऊल येतं, तेही लहान मूल करील इतपत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट डोक्यात ठेवून येणाऱ्यांची थोडी निराशाच होईल.

दुसरा टप्पा कोल्ले सेर्राची खिंड. इथवर डोंगराच्या कुशीतून आलेली वाट इथे पहिल्यांदा पूर्ण उघडते आणि खाली प्रायानोची घरं, पलीकडे समुद्र, असा सगळा पट दिसतो. इथे एक फाटा वर जातो. ती देवांची वरची वाट, लांब आणि जास्त चढाची. तुम्ही खालची धरायची, नोचेल्लेची पाटी बघून. पुढे प्रायानोहून वर येणारी वाट मिळते, तिथून चुकून खाली उतरू नका. नोचेल्लेला जाणारी वाट साधारण उंची राखूनच जाते. पाच मिनिटं सलग खाली उतरतोय असं वाटलं तर थांबून शेवटचा लाल-पांढरा पट्टा कुठे दिसला ते आठवा.

तिसरा टप्पा सगळ्यात लांब आणि सगळ्यात सुंदर. डावीकडे समुद्र इतका खाली की बोटीमागची पांढरी रेघ दिसते, आवाज येत नाही. उजवीकडे करडे-पिवळे सुळके. पायाशी रोझमेरीची झुडपं, नुसता हात फिरवला तरी बोटांना तासभर वास राहतो. ऑक्टोबरात ‘कोर्बेझ्झोलो’ पिकलेले असतात, खरबरीत सालीची, लाल, बोराएवढी फळं. एकाच झाडावर फळं आणि फुलं एकदम. चवीला गुळमट, आत रवाळ. ताईने चार खाल्ली, मी एक.

मधल्या भागात डोंगराच्या कडेला पायऱ्यांसारखी शेतं दिसतात. बिनगाऱ्याच्या दगडी भिंती घालून मागे माती भरलेली. काही अजून कसतात, बरीचशी सोडून दिलेली. किनाऱ्याचा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. त्याआधी या गावांमधली ये-जा अशाच खेचरांच्या वाटांवरून किंवा होडीने चालायची. हा किनारा १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो निळ्या पाण्यासाठी नव्हे, माणसांनी उभ्या कड्यावर असं गाव आणि शेत बसवलं म्हणून.

खेचरं आजही आहेत. समोरून घंटेचा आवाज आला तर डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला नाही. खेचराच्या दोन्ही अंगाला सामान लोंबत असतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. माणसं समोरून आली तरी हाच नियम. आणि “बोन्जोर्नो” म्हणायचं. इथे डोंगरात भेटलेल्याला न बोलता जाणं बरं दिसत नाही.

पश्चिमेला समुद्रात तीन छोटी बेटं दिसू लागली की ती ली गाल्ली. ग्रीक गोष्टीतल्या त्या गाणाऱ्या मोहिनी, सायरन, याच बेटांवर राहायच्या असं मानतात, म्हणून बेटांना सिरेनूसेही म्हणतात. गाण्याच्या ओढीने खलाशी बोटी खडकावर आपटायचे. सायरनच्या तावडीतून ग्रीक वीर युलिसीसला सोडवायला देव याच वाटेने समुद्राकडे उतरले, ही इथली दंतकथा, आणि वाटेचं नाव त्यावरून. अलीकडच्या काळात मोठ्या बेटावर आधी रशियन नर्तक मासीन आणि पुढे रुडोल्फ नुरेयेव यांची मालकी होती. त्या पलीकडे धुरकट दिसतं ते काप्री, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या टोकाचे फाराल्योनी सुळकेही.

जेवायला थांबायचं तर याच टप्प्यात, एखाद्या रुंद खडकावर. आम्ही तासभर बसलो. दुपारची शेवटची बोट गाठायची नसती तर आणखी बसलो असतो.

शेवटी ओकची झाडी लागते, वाट दगडी पायऱ्यांची होते, बागांच्या भिंती सुरू होतात. चेस्टनटच्या खांबांवर बांधलेल्या मांडवाखाली लिंबं लोंबतात, लांबट, टोकदार, हाताच्या मुठीपेक्षा मोठी. आलं नोचेल्ले.

नोचेल्ले आणि पुढचा प्रश्न

नोचेल्ले हे पोझितानोच्या डोक्यावरचं एवढंसं गाव. गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, अलीकडच्या काळापर्यंत इथे गाडीरस्ता नव्हता. सान्ता क्रोचेच्या चर्चसमोर लहानसा चौक आहे, तिथे बाकं आहेत. लिंबाचा बर्फाळ ‘ग्रानिता’ मिळाला तर घ्या. बाटल्या इथे पुन्हा भरा. बूट काढून पाय मोकळे करा आणि मगच पुढचं ठरवा, कारण पुष्कळांना इथे वाटतं की संपलं. वाट संपली, उतरणं संपलेलं नाही. समुद्र अजून चारशे मीटर खाली आहे.

तीन पर्याय आहेत.

पहिला, पायऱ्या. चौकातून ‘आरिएन्त्सो’ची पाटी धरायची आणि घरांमधून, बागांमधून सरळ खाली किनाऱ्याच्या हमरस्त्यापर्यंत. पायऱ्या दीड हजाराहून जास्त आहेत. पर्वतीच्या शंभरेक धरा, म्हणजे पर्वती पंधरा वेळा उतरायची, आणि चढायची एकदाही नाही. ऐकायला बरं वाटतं. पण सगळा भार गुडघ्यांवर येतो, पायऱ्यांची उंची सारखी नसते, आणि मध्यावर पोटऱ्या थरथरायला लागतात. मी याच वाटेने गेले. पाऊण तास लागला. पुढचे दोन दिवस आमाल्फीत मी पदपथावरून उतरतानाही भिंत धरत होते. खाली पोचल्यावर हमरस्त्याने पोझितानोपर्यंत किलोमीटरभर चालावं लागतं. तिथे पदपथ धड नाही, बस वळणावर अंगाला घासून जाते, तेव्हा एकामागे एक चाला. पोहायचं असेल तर रस्त्याच्या पलीकडून आणखी तीनेकशे पायऱ्या उतरून आरिएन्त्सोचा लहान किनारा आहे. त्या नंतर चढाव्याही लागतात, हे सांगून ठेवते.

दुसरा, मोन्तेपेर्तूसोवरून. नोचेल्लेहून गाडीरस्त्याने चालत मोन्तेपेर्तूसो गाठायचं आणि तिथून पायऱ्यांनी पोझितानोत. अंतर जास्त, पण उतार विभागून येतो. मोन्तेपेर्तूसो म्हणजे भोक पडलेला डोंगर, आणि डोंगराला खरोखरच आरपार भोक आहे. मेरीमातेने बोट लावताच खडक फुटला आणि सैतान हरला, अशी कथा आहे. २ जुलैला त्याचा उत्सव असतो.

तिसरा, गावची छोटी बस. नोचेल्लेच्या खाली, गाडीरस्ता संपतो तिथून सुटते आणि मोन्तेपेर्तूसोवरून पोझितानोत उतरते. ताई हिनेच गेली. फेऱ्या तासाच्या आसपास, दुपारी मधे मोठा खंड असतो, म्हणून गावात शिरल्या शिरल्या वेळ बघून ठेवा आणि ग्रानिता नंतर खा. तिकिटाला सुटे युरो जवळ असू द्या. आम्ही पोझितानोत भेटलो तेव्हा ताई सावलीत बसून पेरू-रस नाही मिळाला तरी पीचचा रस पीत होती, आणि मी घामाने निथळत होते.

“कशा होत्या पायऱ्या?”

“छान होत्या.”

“बस तर्रर्र छान होती,” ती म्हणाली.

पन्नाशीपुढचे, गुडघ्याचं काही असलेले, किंवा दुसऱ्या दिवशी पॉम्पेईचे अवशेष पायी बघायचे बेत असलेले, यांनी बसच घ्यावी. कमीपणा काही नाही.

परत आमाल्फीला

एप्रिल ते ऑक्टोबर बोट सगळ्यात उत्तम. पोझितानोच्या मोठ्या किनाऱ्यावरच्या धक्क्यावरून सुटते, अर्ध्या तासाच्या आत आमाल्फी. सकाळपासून ज्या कड्यावरून चाललो तो आता खालून, पूर्ण लांबीचा दिसतो. तिकीट पोचल्या पोचल्या काढा आणि मगच गावात फिरा. शेवटची बोट दिवस मावळण्याच्या बरीच आधी सुटते, आणि समुद्र खवळला की सगळ्याच रद्द होतात.

बोट नसेल तर बस. स्पोन्दा नावाच्या थांब्यावरून आमाल्फीकडे जाते. संध्याकाळी ती सोर्रेन्तोहूनच भरून येते आणि कधी कधी थांबतही नाही. पुढच्या बसची वाट बघायची तयारी, पाणी आणि थोडा खाऊ ठेवा. सकाळी काढून ठेवलेलं परतीचं तिकीट इथे कामाला येतं, कारण समोरच्या दुकानात त्याच वेळी तीस माणसं उभी असतात.

पिशवीत काय

पकड चांगली असलेले बूट, घोट्यापर्यंत नसले तरी चालतील. चपला, फ्लोटर्स नकोत. टोपी, सनस्क्रीन, वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट (बोमेरानोत सकाळी किनाऱ्यापेक्षा चांगलंच गार असतं). उतरताना आधाराला एक काठी, ताई ती वापरते आणि मी हसायचे, आता हसत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. पोहायचा बेत असेल तर कपडे आणि पंचा.

अडचण आली तर ११२ हा क्रमांक अख्ख्या युरोपात चालतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढलेलाच असतो. त्याच्या बारीक अक्षरांत डोंगरातली भटकंती वगळलेली नाही ना, एवढं घरून निघण्याआधी वाचा, आणि त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवा. कंबरेच्या पिशवीत पासपोर्टची झेरॉक्स पुरते, मूळ पासपोर्ट हॉटेलात.

आणि आलेपाकाच्या वड्या. परतीच्या बोटीवर पुन्हा लागतात.